एका सर्व्हरवर तीन पीएचपी: ओन्द्रेय सुरी यांच्या रेपोबद्दल

उबुंटू या लिनक्सच्या सर्व्हरवर पीएचपीची (वेबसाइट चालवणारी प्रोग्रामिंगची भाषा) एकाहून जास्त व्हर्जन चालवायची असतील तर ओन्द्रेय सुरी यांचा पीपीए (उबुंटूबाहेरच्या पॅकेजांचा साठा, म्हणजेच रेपो) घ्या. घाईत असाल तर माझं मत एवढंच. सवड असेल तर तो का घ्यावा, कुठे अडतं आणि अडलं की कुठे बघायचं, हे सविस्तर सांगते.

मी सांगलीत राहते आणि छोट्या संस्थांच्या वेबसाइट सांभाळते. एक सार्वजनिक वाचनालय, एक नाट्यमंडळ, दिवाळी अंक काढणारं एक मंडळ, अशी माझी गिऱ्हाइकं. कुणाकडेच स्वतंत्र आयटीचा माणूस नाही, बजेट जेमतेम. सगळ्यांना मिळून दोन जीबी रॅमचा एक व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर, परवडतो. वाचनालयाची ग्रंथसूची २०११च्या आसपास कुणीतरी लिहून दिलेली, डेटाबेसशी बोलणाऱ्या जुन्या 'मायएसक्यूएल' फंक्शनांवर उभी. ही फंक्शनं पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५च्या डिसेंबरात, पार काढून टाकली गेली. म्हणजे ही ग्रंथसूची ५.६ च्या पुढे चालतच नाही. नाट्यमंडळाची साइट ७.४ वर अडलेली. दिवाळी अंकाची साइट मी नव्याने केली, ती ८.३ वर. आणि सर्व्हर एकच.

उबुंटू आपल्या प्रत्येक आवृत्तीसोबत एकच पीएचपी देतं. २०.०४ सोबत ७.४ होतं, २२.०४ सोबत ८.१, २४.०४ सोबत ८.३. दुसरं हवं असेल तर स्वतः कंपाइल करा, नाहीतर कुणाच्या तरी रेपोवर विसंबा. सुरी हे चेक प्रजासत्ताकातले, डेबियनचे (उबुंटू ज्यावर उभं आहे ते लिनक्स) विकसक. त्यांचा मुख्य व्यवसाय डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था) आहे, बाइंड हा डीएनएस सर्व्हर बनवणाऱ्या आयएससी या संस्थेत ते काम करतात. पीएचपीची ही पॅकेजं ते त्याच्या जोडीने सांभाळतात. उबुंटूसाठी लाँचपॅडवर पीपीए आहे, डेबियनसाठी वेगळी रिपॉझिटरी. दोन्ही फुकट.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती मांडणी. ५.६, ७.४ आणि ८.३ ही तिन्ही एकमेकांना धक्का न लावता शेजारी शेजारी राहतात, कारण प्रत्येकाचं सगळं वेगळं आहे. 'ईटीसी' खाली 'पीएचपी' नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक व्हर्जनचं फोल्डर, त्यात परत 'सीएलआय' (टर्मिनलवरचं पीएचपी), 'एफपीएम' (वेगळी सर्व्हिस म्हणून चालणारं) आणि 'अपाची२' (अपाची या वेब सर्व्हरच्या आत बसणारं) अशी फोल्डरं, आणि प्रत्येकात स्वतःची 'पीएचपी.आयएनआय' ही सेटिंगची फाइल. सॉकेटच्या (वेब सर्व्हर पीएचपीशी जिथून बोलतो ती जागा) नावातही व्हर्जन, सर्व्हिसच्या नावातही व्हर्जन, एक्स्टेंशनच्या (पीएचपीच्या जोडभागांच्या) पॅकेजच्या नावातही व्हर्जन. नवख्याला हा पसारा वाटतो. मला हा आधार वाटतो, कारण पीएचपीच्या सर्व्हरवरची निम्म्याहून जास्त दुखणी एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात: आत्ता उत्तर देतंय ते नेमकं कुठलं पीएचपी? या रेपोत तो प्रश्न नावावरूनच सुटतो.

नाट्यमंडळाचं उदाहरण घ्या. त्यांची साइट माझ्याकडे आली तेव्हा नाटकाच्या तिकिटांची यादी साइटवर नीट दिसत होती, पण रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) जाणारे ई-मेल बंद पडले होते. लॉगमध्ये एकच ओळ, डेटाबेसचा ड्रायव्हर सापडत नाही. साइट तर त्याच डेटाबेसशी बोलत होती! टर्मिनलवर पीएचपीला व्हर्जन विचारलं तर उत्तर आलं ८.४. साइटवर पीएचपी-इन्फोचं पान टाकून पाहिलं तर तिथे ७.४. कधीतरी कुणीतरी नावात व्हर्जन नसलेलं एक पॅकेज घातलं होतं, त्याने आपल्यासोबत तेव्हाचं सर्वांत नवं ८.४ ओढून आणलं, आणि नुसतं 'पीएचपी' म्हटल्यावर टर्मिनल त्या नव्याकडे जायला लागलं. ८.४ साठी मायएसक्यूएलचं पॅकेज घातलेलंच नव्हतं, मग ड्रायव्हर सापडणार कुठून? क्रॉनच्या ओळीत नुसत्या 'पीएचपी'च्या जागी 'पीएचपी७.४' असं पूर्ण नाव घातलं आणि ई-मेल सुरू झाले. पीएचपी-इन्फोचं पान काम होताच काढून टाका. सर्व्हरची सगळी कुंडली त्यात असते, ती गावाला दाखवायची गरज नाही.

हे मी रेपोच्या उणिवांतही धरते. नावात व्हर्जन नसलेली पॅकेजं नेहमी नव्यात नव्याकडे नेतात आणि टर्मिनलचं पीएचपीही आपोआप सर्वांत वरच्या आकड्याकडे सरकतं. हे डेबियनच्या पद्धतीला धरूनच आहे, 'अपडेट-अल्टरनेटिव्हज'ने एक व्हर्जन पक्कं करून ठेवता येतं, पण हे आधी माहीत असावं लागतं. म्हणून माझा नियम: या रेपोतून काहीही घालताना आकड्यासकट नाव लिहायचं. एकही पॅकेज बिनआकड्याचं नको.

आता वाचनालयाची गोष्ट, कारण ती सगळ्यात धोक्याची होती. सकाळी ग्रंथपालबाईंचा फोन आला, "ताई, पुस्तकांची यादी उघडतच नाही. क्लिक केलं की फाइल डाउनलोड होतेय." हे वाक्य ऐकलं की हातातलं काम टाकून सर्व्हरकडे धावायचं. पान उघडण्याऐवजी फाइल उतरत असेल तर अपाची पीएचपी चालवत नाहीये, कोड जसाच्या तसा वाटतोय. साइटवरून जी फाइल मागाल तिचा कोड मिळणार, आणि जुन्या साइटींत डेटाबेसचा पासवर्डही अशाच एखाद्या फाइलीत असतो. फाइलीच्या नावाच्या शेवटी 'पीएचपी' असो वा 'आयएनसी', मागणाऱ्याला ती उतरवून घेता येते. मी आधी अपाची बंद केला, डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मगच कारण शोधायला बसले.

कारण असं होतं: होस्टिंग पुरवणाऱ्याने उबुंटू पुढच्या आवृत्तीवर नेलं होतं. असं अपग्रेड होताना बाहेरचे सगळे पीपीए आपोआप बंद केले जातात, ते नंतर आपण परत चालू करायचे असतात. या खटाटोपात अपाचीच्या आत बसणारं पीएचपीचं जुनं मॉड्यूल निघून गेलं आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. अपाचीच्या दृष्टीने पीएचपीची फाइल आणि साधी टेक्स्ट फाइल यांत काही फरकच उरला नाही. कधी कधी याच्या उलटही होतं. मॉड्यूलची फाइल जाते पण ती लोड करण्याची ओळ मागे राहते, मग अपाची सुरूच होत नाही. खरं सांगायचं तर ते बरं. बंद साइट परवडली, पासवर्ड वाटणारी साइट नाही.

यावर पक्का उपाय म्हणजे अपाचीच्या पोटातलं मॉड्यूल सोडून एफपीएमवर जाणं. मॉड्यूल असेल तर एका अपाचीत एकच व्हर्जन बसतं, वर अपाचीला जुन्या 'प्रीफोर्क' पद्धतीने चालावं लागतं. एफपीएम ही वेगळी सर्व्हिस आहे, प्रत्येक व्हर्जनची आपापली, आणि अपाची तिच्याशी सॉकेटवरून बोलतो. अपाचीत 'प्रॉक्सी एफसीजीआय' मॉड्यूल चालू करायचं आणि प्रत्येक साइटच्या व्हर्च्युअल होस्टमध्ये त्या त्या व्हर्जनच्या सॉकेटचा पत्ता लिहायचा, बस्स. वाचनालय ५.६ च्या सॉकेटवर, नाट्यमंडळ ७.४ च्या, दिवाळी अंक ८.३ च्या. एका साइटसाठी पीएचपी रीस्टार्ट केलं तर बाकीच्यांना कळतही नाही.

एफपीएमवर गेल्यावर चुका वेगळ्या दिसायला लागतात, त्या ओळखीच्या करून घ्या. सॉकेटचा पत्ता चुकला किंवा सर्व्हिस बंद असली की अपाची ५०३ ही चूक दाखवतो आणि एन्जिन-एक्स हा दुसरा वेब सर्व्हर ५०२. दोघांच्याही एरर लॉगमध्ये ज्या सॉकेटशी जोडणी जमली नाही त्याचा पूर्ण पत्ता असतो. त्या पत्त्यातला आकडा वाचा. दहापैकी नऊ वेळा तिथे जुनं व्हर्जन दिसतं, जे आता सर्व्हरवर नाहीच. एन्जिन-एक्सवर 'प्रायमरी स्क्रिप्ट अननोन' आलं तर सॉकेट ठीक आहे, पण फाइलचा जो मार्ग एफपीएमला कळवला तिथे फाइल नाही किंवा ती वाचायची परवानगी नाही. आणि 'मॅक्स चिल्ड्रन'ची, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची, मर्यादा गाठली असा इशारा एफपीएमच्या लॉगमध्ये येत असेल तर आकडा बघा. तो मुळात ५ असतो. रॅम बघून वाढवायचा, मनाला येईल तसा नाही. माझ्या दोन जीबीच्या सर्व्हरवर तीन एफपीएम आहेत, म्हणून वाचनालय आणि नाट्यमंडळ यांना मी 'ऑनडिमांड' पद्धतीवर ठेवलंय, म्हणजे कुणी आलं तरच प्रोसेस उठते. दिवाळीच्या सुमारास अंकाच्या साइटला जास्त माणसं येतात, तेव्हा तिला मोकळीक मिळते.

मॉड्यूलवरून एफपीएमवर येताना हमखास अडणारी जागा म्हणजे 'एचटीएक्सेस', साइटच्या फोल्डरातली अपाचीची सेटिंगची फाइल. जुन्या साइटींत तिथे 'पीएचपी व्हॅल्यू'च्या ओळी असतात, अपलोडची मर्यादा वाढवणाऱ्या वगैरे. मॉड्यूल नसलं की अपाचीला त्या ओळी समजत नाहीत आणि पूर्ण साइटवर ५०० येतं. त्या ओळी तिथून काढून साइटच्या फोल्डरात 'यूझर.आयएनआय' फाइलीत न्यायच्या, नावाच्या सुरुवातीला टिंब. त्यातले बदल लगेच दिसत नाहीत. पीएचपी ती फाइल ३०० सेकंद लक्षात ठेवतं, म्हणजे पाच मिनिटं थांबायचं. ज्याला हे माहीत नाही तो त्या पाच मिनिटांत आणखी चार ठिकाणी बदल करून ठेवतो आणि मग नेमकं कशाने जमलं ते कुणालाच सांगता येत नाही. मुख्य 'पीएचपी.आयएनआय' बदलली असेल तर एफपीएम रीलोड करा. अपाची कितीही वेळा रीस्टार्ट केला तरी त्याचा काही उपयोग नाही, कारण ती फाइल आता अपाची वाचतच नाही.

अपलोडचं निघालंच आहे तर: पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलीला २ एमबी आणि एकूण फॉर्मला ८ एमबी. दिवाळी अंकाचे लेखक हस्तलिखिताची पानं मोबाइलवर फोटो काढून पाठवतात, त्यातला एकेक फोटो २ एमबीच्या वर जातो. दोन्ही आकडे वाढवावे लागतात, आणि पुढे एन्जिन-एक्स असेल तर त्याची स्वतःची १ एमबीची मर्यादा वेगळी. ४१३ हा आकडा दिसला तर अडवणारा एन्जिन-एक्स आहे, पीएचपीपर्यंत मामला पोचलेलाच नाही.

पांढरं पान हा सगळ्यांचा नावडता आजार. रेपोतली सेटिंगं चालू साइटसाठी बेतलेली असल्याने चुका पडद्यावर दाखवणं बंद असतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून पांढरं पान दिसलं की पडद्यावर चूक दाखवण्याची सोय सुरू करू नका, लॉग उघडा. वाचनालयाच्या साइटवर मात्र पान पांढरं नव्हतं, सोर्समध्ये अर्धामुर्धा कोड दिसत होता. जुन्या लेखकाने पीएचपी सुरू करताना आखूड टॅग वापरले होते आणि ती सोय मुळात बंद असते. ती फक्त ५.६ च्या एफपीएमपुरती चालू केली. ७.४ आणि ८.३ ला हात लावावा लागला नाही. या रेपोवर माझा जीव जडला तो अशा ठिकाणी. जुन्या कोडसाठी नव्या साइटींना ढिलं करावं लागत नाही.

जुन्या ५.६ ला मूळ सेटिंगवरच्या मायएसक्यूएल ८ शी बोलता येत नाही, हेही आधीच सांगून ठेवते. ८ मधली पासवर्डची नवी पद्धत त्याला कळत नाही, आणि मुळातला कॅरॅक्टर सेटही त्याला अनोळखी. मी डेटाबेस म्हणून मायएसक्यूएलशी जुळणारा मारियाडीबी घेतला आणि तो प्रश्न तिथेच मिटला.

मराठी साइट चालवणाऱ्यांसाठी दोन पॅकेजं अत्यावश्यक आहेत, 'एमबीस्ट्रिंग' आणि 'इंटल'. दोन्ही वेगळी घालावी लागतात, मूळ पीएचपीसोबत येत नाहीत, आणि प्रत्येक व्हर्जनसाठी वेगळी. यांची किंमत 'मराठी' या एका शब्दावर बघा. साध्या फंक्शनला लांबी विचारली तर ते १५ सांगतं, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. एमबीस्ट्रिंग ५ सांगतं, म्हणजे काना आणि वेलांटी वेगळी धरून. इंटलमधलं 'ग्राफीम' फंक्शन ३ सांगतं: म, रा, ठी. आपण वाचताना मोजतो ते हे तीन. वाचनालयाच्या यादीत पुस्तकांची लांब नावं ठरावीक लांबीला कापली जात आणि शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटे, कारण काप नेमका अक्षराच्या मधल्या बाइटवर पडे. एमबीस्ट्रिंगने कापलं की चौकोन जातात, पण काना-मात्रा कधी कधी तुटून मागे राहते. ग्राफीमने कापलं की 'ठी' ची वेलांटी 'ठ' ला सोडून जात नाही. पुस्तकांच्या नावांना एवढा मान तरी मिळायलाच हवा. इंटल असलं की भाषा मराठी आणि देश भारत सांगून आकडे मागता येतात. १२,३४,५६७ असं, आपल्या स्वल्पविरामांसह आणि देवनागरी अंकांत ते मिळतात. तारखांचंही तसंच.

वेळेचंही बघा. पीएचपी मुळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, धरतं, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे साडेपाचपर्यंत साइटच्या लेखी कालचाच दिवस असतो, आणि पुस्तक परत करायची मुदत मोजताना ते जाणवतं. प्रत्येक व्हर्जनच्या एफपीएम आणि सीएलआय अशा दोन्ही आयएनआय फाइलींत 'एशिया/कोलकाता' घाला. एकीकडेच घातलं तर साइट आणि क्रॉन वेगवेगळ्या दिवसांत जगतात.

रेपोची मोठी उणीव सांगायलाच हवी. पॅकेजं फक्त उबुंटूच्या चालू एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्त्यांसाठी मिळतात, आणि हे पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलकडून वाढीव सुरक्षा मुदत घेतलेल्या जुन्या आवृत्त्या त्यात बसत नाहीत. म्हणजे जुनं पीएचपी मिळतं, पण त्यासाठी उबुंटू ताजं ठेवावं लागतं. ज्यांना सर्व्हरला वर्षानुवर्षं हात लावायचा नाही त्यांच्यासाठी हा रेपो नाही. दुसरं, ५.६ ची पीएचपी प्रकल्पाकडून मिळणारी मुदत २०१८च्या अखेरीस संपली, ७.४ ची २०२२च्या नोव्हेंबरात. पॅकेज मिळतंय म्हणून ते सुरक्षित आहे असं कुणी समजू नये. वाचनालयाच्या यादीतला मजकूर बदलण्याचा भाग मी पासवर्डमागे ठेवलाय, ५.६ चा एफपीएम वेगळ्या यूझरखाली चालतो आणि त्याला त्या एका फोल्डरापलीकडे काही लिहिता येत नाही. तिसरं, एवढं सगळं मुख्यतः एका माणसाच्या खांद्यावर आहे. त्याची मला काळजी वाटते.

पर्याय आहेत. रेड हॅटच्या (लिनक्सचा दुसरा प्रकार) कुळातला सर्व्हर असेल तर रेमी कोले यांची रिपॉझिटरी तितकीच भरवशाची आहे, तिथे वेगवेगळी व्हर्जन 'ऑप्ट' खाली स्वतंत्र राहतात. डॉकर (प्रत्येक साइट आपापल्या बंद डब्यात चालवणारं साधन) ज्यांना येतं त्यांनी जरूर वापरावं. माझ्यामागे हा सर्व्हर वाचनालयातला एखादा होतकरू मुलगा बघणार आहे, आणि त्याला आधी डॉकर शिकवण्यापेक्षा 'ईटीसी' खालची तीन फोल्डरं दाखवणं सोपं. साइट एकच असेल आणि ती ८.३ वर चालत असेल, तर उबुंटू २४.०४ सोबत येतं तेच पीएचपी ठेवा, रेपो घालूच नका. सुरक्षेचे अपडेट उबुंटूकडून येत राहतील.

बाकी सगळ्यांना माझी शिफारस पक्की आहे. वाचनालयाच्या कार्यकारिणीला मी सर्व्हरच्या वार्षिक खर्चात सुरींना देणगीची एक ओळ घालायला सांगितलं, रक्कम लहान आहे, पण ती मंजूर झाली. ग्रंथसूचीचा कोड ८.३ साठी परत लिहायचं काम चालू आहे. लेखकांची पानं झाली, विषयवार शोध आणि देवघेव राहिली आहे. ती झाली की ५.६ ची पॅकेजं या सर्व्हरवरून काढून टाकणार.